एक्झिक्युटिव्ह एमबीएत नेमकं शिकवतात काय? प्रॉडक्शनवाल्याला त्याचा उपयोग आहे का?

भोसरी_शॉपफ्लोअर

नमस्कार मंडळी. वय ४१, मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी करत बीई. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. पुढच्या वर्षी आमचे प्लँट हेड निवृत्त होताहेत. एमडींनी बोलावून सांगितलं, ती खुर्ची हवी असेल तर आधी एक्झिक्युटिव्ह एमबीए (नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीचा व्यवस्थापनाचा कोर्स) करा, अर्धी फी कंपनी भरेल, बाँड (ठरावीक मुदत कंपनी न सोडण्याचा करार) लिहून द्यावा लागेल.

चार-पाच संस्थांची माहितीपत्रकं वाचली. सगळीकडे लीडरशिप, स्ट्रॅटेजी, ग्लोबल दृष्टी. शनिवारी सकाळी वर्गात जाऊन बसल्यावर समोर काय येतं, ते एकातूनही कळलं नाही.

मला हे का हवंय तेही सांगतो. गेल्या तिमाहीत दोन व्हीएमसी मशीनचा (संगणकावर चालणारी, धातूचे भाग कापून घडवणारी मशीन) प्रस्ताव मांडला. सायकल टाइम, रिजेक्शन, माणसं, सगळी आकडेवारी तयार होती, पेबॅकही (मशीनचे पैसे किती काळात सुटतात ते) काढला होता. फायनान्सच्या साहेबांनी एकच विचारलं, "एनपीव्ही किती येतो?", म्हणजे गुंतवणुकीची निव्वळ आजची किंमत (नेट प्रेझेंट व्हॅल्यू), आणि फाइल पुढच्या बैठकीवर गेली. ती अजून तिथेच आहे.

ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांनी सांगावं: विषय कोणते असतात, कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्याला त्यात नवीन काय, आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या माणसाला वर्गात बोलणं जमतं का?

अंबड_सातपूर

दादा, मी नाशिकला एका इंजिनिअरिंग कंपनीचा प्लँट बघते. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार मुंबईला जाऊन हा कोर्स केला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, कॉर्पोरेट फायनान्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग, ऑपरेशन्स, संस्थेतल्या माणसांचं वर्तन. दुसऱ्या वर्षी स्ट्रॅटेजी, वाटाघाटी, कायदा, निवडीचे विषय आणि आपल्याच कंपनीवरचा एक प्रकल्प.

आता खरं सांगते. आपल्यासारख्यांसाठी या कोर्सचा गाभा कॉस्टिंग आणि फायनान्स आहे. बाकी विषय चांगलेच आहेत, पण आपल्या डोक्यातली एक पक्की समजूत हे दोन विषय मोडतात. ती समजूत म्हणजे मशीन चालू आहे म्हणजे पैसा येतोय.

आम्हाला सरांनी फळ्यावर मांडून दिलेलं उदाहरण तसंच देते. कारखान्याचा महिन्याचा स्थिर खर्च, म्हणजे नग कितीही बनवले तरी तेवढाच राहणारा, ५० लाख. एका नगाला माल आणि इतर बदलता खर्च ३०० रुपये. विक्री किंमत ९००. महिन्याला खपतात १०,००० नग. तेवढेच बनवले तर नगामागे स्थिर खर्च ५०० बसतो, एकूण खर्च ८००, नफा १०० रुपये, महिन्याला १० लाख. आता विक्री तेवढीच ठेवा आणि बनवा १२,५०० नग. स्थिर खर्च नगामागे ४०० वर येतो, एकूण ७००, नफा २०० रुपये, म्हणजे महिन्याला २० लाख. गिऱ्हाईक एकही वाढलं नाही आणि नफा दुप्पट!

वर्ग गप्प होता. मग सरांनी विचारलं, जास्तीचे १० लाख आले कुठून? ते गोडाऊनमधल्या २,५०० नगांवर चढलेत. नगामागे ४०० रुपये स्थिर खर्च, गुणिले २,५००. हिशेबात तो खर्च नाही, माल म्हणून मालमत्तेत बसलाय. शिवाय तेवढ्या नगांचा बदलता खर्च साडेसात लाख खरोखर खिशातून गेला. कागदावर नफा वाढला, बँकेतली रक्कम घटली. पुढच्या महिन्यात उत्पादन कमी केलं की हेच १० लाख उलटे येऊन बसतात, आणि त्या महिन्याच्या प्लँट हेडला जाब विचारला जातो.

मार्चअखेरीला कारखान्यांत जी पळापळ चालते तिच्याकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघायला लागले. आज माझ्या प्लँटमध्ये मशीनच्या वापराचा टक्का आणि तयार मालाचे दिवस एकाच पानावर शेजारी शेजारी छापले जातात. एक आकडा एकटा बघायचा नाही.

तुमच्या एनपीव्हीचं उत्तर कॉर्पोरेट फायनान्सच्या सुरुवातीच्या वर्गांतच मिळेल. आज हातात येणारे पैसे आणि पाच वर्षांनी येणारे पैसे सारखे नसतात. वर्षाला १२ टक्के व्याजदर धरला तर पाच वर्षांनंतरच्या १ कोटीची आजची किंमत साधारण ५७ लाख. मशीनमुळे दरवर्षी वाचणारा किंवा वाढणारा पैसा असा आजच्या किमतीत आणायचा, बेरीज करायची, त्यातून मशीनची किंमत वजा करायची. उरलं ते एनपीव्ही. पेबॅक फक्त पैसे कधी सुटतात तेवढं सांगतो, त्यानंतरची वर्षं तो बघतच नाही. म्हणून लवकर सुटणारं पण लवकर मोडीत जाणारं मशीन पेबॅकमध्ये उगाच उजळ दिसतं. तुमच्या व्हीएमसी दहा-बारा वर्षं चालणार असतील तर एनपीव्ही तुमच्याच बाजूने बोलण्याची शक्यता आहे. फाइल पुन्हा काढा.

ऑपरेशन्समध्ये काय नवीन असणार असं वाटलं होतं. पण रांगेचं गणित बघा. एकच मशीन, कामं अनियमित येतात, प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त. मशीन ८० टक्के व्यस्त असेल तर नवीन कामाला सरासरी चार कामांइतकं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी थांबणं दुपटीवर जातं. हीट ट्रीटमेंटसमोर ट्रॉल्या का तुंबतात, हे आपण सुपरवायझरला ओरडून विचारतो. उत्तर या गणितात असतं.

आणि बिअर गेम. एमआयटीत १९६०च्या सुमारास तयार झालेला खेळ आहे, अजून जगभर खेळवतात. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना, अशा चार जागा. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे द्यायची. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते. तरी कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर ऑर्डर ३०-४० वर उड्या मारतात आणि नंतर शून्यावर येतात. आमच्या टेबलावर कारखाना सांभाळणारे गृहस्थ वितरकावर खरोखर चिडले होते. वाहन कंपनीचं शेड्यूल दर आठवड्याला बदलतं म्हणून आपण ज्यांना शिव्या देतो, त्यातला बराच भाग साखळीच्या रचनेतून येतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही, चिठ्ठी हातात घेतल्यावर पटतं.

भाषेचं उद्या लिहिते.

रोखठोक_कोल्हापूर

कॉस्ट अकाउंटंट आहे. ताईंनी मांडलेलं उदाहरण शंभर टक्के बरोबर. ऑडिटला गेल्यावर मी आधी तयार मालाचा साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढलाय का ते बघतो.

मला फक्त कागदपत्रांबद्दल सांगायचंय. अनुभवी माणसांना शिकवायची ही पद्धत जुनी आहे, शिकागो विद्यापीठाने १९४३मध्ये सुरू केली. आपल्याकडे मात्र या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. नोकरी सोडून करायचा एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स वेगळा, अहमदाबादच्या आयआयएमने २००६मध्ये सुरू केला तसा. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचा वेगळा. आणि काही महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पूर्ण वेगळा, त्याला एमबीए समजू नका. पदवी आहे, पदविका आहे की प्रमाणपत्र, हे लेखी विचारा. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकारही २०१७च्या कायद्यानंतरच मिळाला, त्याआधीचे सगळे पदविकाधारक. त्यामुळे पदविका म्हणजे कमी असं नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत हवं.

बाँडमध्ये तीन गोष्टी बघा: मुदत कोर्स सुरू झाल्यापासून मोजतात की संपल्यापासून, मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांची, आणि कंपनीनेच काढलं तर काय.

पिंपरी_ते_पर्थ

सगळं यूट्यूबवर फुकट आहे. एनपीव्ही शिकायला लाखो रुपये कशाला?

अंबड_सातपूर

एनपीव्हीसाठी नकोतच. यूट्यूबवर तो छान शिकता येतो, आणि ज्यांना फी झेपत नाही त्यांनी जरूर तसाच शिकावा. मला जे वर्गात मिळालं ते माणसांकडून मिळालं.

आमच्या गटात सरकारी बँकेतले कर्जविभागाचे अधिकारी होते, हॉस्पिटलचं प्रशासन बघणाऱ्या डॉक्टर होत्या, नौदलातून निवृत्त झालेले एक अभियंते, आणि सॉफ्टवेअरमधला एक मुलगा. बँकवाल्यांनी एका कंपनीचा ताळेबंद माझ्यासमोर उघडला आणि पहिलं पान न बघता थेट मागच्या टिपांवर गेले. येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) किती, त्यातली सहा महिन्यांपेक्षा जुनी किती, साठ्यातला कच्चा माल किती आणि तयार किती. मग पेन्सिलीने लिहिलं: माल ६० दिवस पडून, गिऱ्हाईक ७५ दिवसांनी पैसे देतं, पुरवठादाराला आपण ४५ दिवसांनी देतो. ६० अधिक ७५ वजा ४५, म्हणजे ९० दिवस आपला पैसा अडकलेला. कंपनीचा रोजचा खर्च १० लाख असेल तर ढोबळमानाने ९ कोटी. १० टक्के व्याजाने वर्षाला ९० लाख. "तुम्ही साठा दहा दिवसांनी कमी केलात तर मला कमी कर्ज द्यावं लागेल," असं ते म्हणाले. पुरवठादाराला आणखी थांबवू का, असं मी विचारलं तर लगेच सांगितलं, तो नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६च्या कायद्याप्रमाणे करार करूनही ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, उशिराचं व्याज लागतं. हे सगळं रात्री कँटीनमध्ये चहा पिताना झालं.

आता भाषेचं. मीही मराठी माध्यमाची, नगर जिल्ह्यातल्या शाळेतली. बहुतेक वर्ग केस पद्धतीने चालतात: एका कंपनीची खरी परिस्थिती, पंधरा-वीस पानं, शेवटी तक्ते, आणि प्रश्न एवढाच की तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं. बोलण्याला गुण असतात, त्यामुळे गप्प बसून चालत नाही. पण फर्डं इंग्रजी बोलणाऱ्याला गुण मिळतात असं मुळीच नाही. तक्ते आधी वाचायचे, दोन आकडे काढून ठेवायचे आणि हात वर करायचा. "या कंपनीकडे रोख चार महिने पुरेल एवढीच आहे" हे वाक्य कुठल्याही इंग्रजीत सांगितलं तरी वर्ग ऐकतो. मुंबईच्या डबेवाल्यांवरची हार्वर्डची केस आमच्याकडे चर्चेला होती. तेव्हा दादर स्टेशनवर डबे कसे चढतात ते पाहिलेली माणसं सगळ्यात जास्त बोलली.

भोसरी_शॉपफ्लोअर

ताई, मनापासून आभार. तुमचं १२,५०० नगांचं उदाहरण एक्सेलमध्ये मांडून बघितलं, आकडे तसेच येतात. रोखठोक साहेब, बाँडचा मसुदा एचआरकडून मागवला आहे. एक राहिलं. दुसऱ्या वर्षीची स्ट्रॅटेजी म्हणजे काय असते? आणि प्रवेशाआधी काय तयारी करू?

अंबड_सातपूर

स्ट्रॅटेजीत मायकेल पोर्टर यांची १९७९ची मांडणी नक्की भेटेल: धंद्यातला नफा कोण खाऊन जातं? गिऱ्हाईक, पुरवठादार, नवे शिरकाव करणारे, पर्यायी वस्तू की आपसातली स्पर्धा? ती तुमच्या कंपनीवर लावून बघा. विक्रीतला किती वाटा एकाच वाहन कंपनीला जातो? तो निम्म्याहून जास्त असेल तर दरवर्षी भावकपात का मागतात आणि आपण ती का देतो, याचं उत्तर तिथे आहे. पर्यायी वस्तूंच्या रकान्यात इलेक्ट्रिक गाडी लिहा. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, इंधनपंप बनवणाऱ्यांचा माल त्या गाडीत लागतच नाही. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, चाकं लागतात. तुमच्या त्या दोन व्हीएमसींवर कुठला भाग निघणार आहे, हे एनपीव्हीच्या आधी विचारा, कारण मशीन दहा वर्षं चाललं तरी भागाला मागणी दहा वर्षं राहील का, हा प्रश्न फायनान्सवाले विचारणारच.

तयारीसाठी पुस्तकं गोळा करत बसू नका. अकाउंट्समध्ये जाऊन आपल्या प्लँटच्या मागच्या तीन वर्षांचा नफा-तोटा आणि ताळेबंद मागा, देतील तेवढं घ्या. एखाद्या संध्याकाळी तिथल्या माणसाजवळ बसून प्रत्येक ओळ विचारा: हा आकडा शॉपवरच्या कुठल्या गोष्टीतून आला? घसारा कुठल्या मशीनचा, साठा कुठल्या रॅकमधला, येणी कुठल्या गिऱ्हाइकाची. संख्याशास्त्राची भीती नको, एसपीसी चार्ट (मालाची मापं नोंदून दर्जावर नजर ठेवायचा तक्ता) भरणाऱ्याला सरासरी आणि विचलन शिकवावं लागत नाही. एक्सेलमध्ये एनपीव्हीचं सूत्र वापरताना एवढं लक्षात ठेवा, की आज भरायची मशीनची किंमत त्या सूत्राच्या आत टाकायची नाही, बाहेर वेगळी वजा करायची. आत टाकली तर एक्सेल ती वर्षभरानंतरची धरतं आणि उत्तर चुकतं. फाइल पुन्हा मांडाल तेव्हा काय झालं ते इथे नक्की लिहा.