मदत हवी आहे: वॉरहॅमर ४०के (टेबलावर बाहुल्या मांडून फाशांनी खेळायचा लढाईचा खेळ) मधला कथेतला स्पेस मरीन टेबलावर एवढा लवकर का मरतो? कुठला नियम लावू?

शहापूरचा
मंडळी लवकर सांगा, रविवारी परत गेम आहे. वॉरहॅमर ४०के च्या कथांत एक स्पेस मरीन शंभर जणांना भारी पडतो, त्याच्या बोल्टर बंदुकीची गोळी अंगात घुसून फुटते, अख्ख्या चॅप्टरमध्ये (म्हणजे त्यांच्या फौजेत) हजारभर मरीन आणि तेवढ्यावर ग्रह जिंकतात. आणि इथं टिळकवाडीच्या मित्राचे साधे गार्ड्समन (माणसांतले शिपाई) लेझगन बंदुका घेऊन उभे राहिले की माझे मरीन एकेक करून टेबलावरून उचलायचे. घरचा नियम लावायचाय, मित्र ऐकत नाही. काय लावू?

खानापूरकर
नियमांची एडिशन कुठली? पॉइंट (फौजेची किंमत, दोघांची सारखी ठेवायची) किती? टेबलावर आडोसा आहे की नुसतं मोकळं मैदान?

शहापूरचा
एडिशनचा काय संबंध, मरीन तो मरीन. टॅक्टिकल स्क्वाड, म्हणजे मरीनच्या नेहमीच्या तुकड्या आहेत.

निपाणीचा गडी
संबंध आहे की! आठव्या एडिशनात टॅक्टिकल मरीनला एकच वूंड होती, म्हणजे एका जखमेत मेला; २०२० च्या कोडेक्समध्ये (मरीनच्या नियमांच्या पुस्तकात) दोन झाल्या. पुस्तक कुठलं वापरालास?

शहापूरचा
भावाचं, २०१७ चं. आडोसा नाही, जेवणाच्या टेबलावर खेळतो.

निपाणीचा गडी
म्हणजे एकच वूंड. मग गणित बघ. दहा गार्ड जवळून वीस गोळ्या मारतात, निम्म्या लागतात, त्यातल्या एक तृतीयांश जखम करतात, त्यातल्या दोन तृतीयांश चिलखत अडवतं. म्हणजे सरासरी एक मरीन. वर मित्रानं ऑर्डर देऊन गोळ्या दुप्पट केल्या तर दोन. नवीन नियमात तेवढ्यात एकच पडतो. नवीन पुस्तक घे, विषय संपला.

वडगावकर
संपला कुठं? दोन वूंड दिल्या म्हणून कथेतला मरीन होत नाही. मरीन जेवढा तगडा तेवढे त्याचे पॉइंट जास्त. खरोखर कथेसारखा केलास तर तुझे पाच आणि समोर दोनशे गार्ड, ते दोनशे विकत कोण घेणार आणि रंगवणार कोण? व्हाईट ड्वार्फ मासिकात एकदा मूव्ही मरीन्स म्हणून असले नियम आले होते, मूठभर मरीन आणि समोर फौज. गंमत म्हणून ठीक, दर रविवारी दोघांनाही मजा यायची तर चालत नाही.

रंगप्रेमी
पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका रे, दमट हवेत पांढरी भुकटी धरते. ब्रशनं लावा.

खानापूरकर
मी तर म्हणतो स्टॅट्सना (मरीनच्या ताकदीच्या आकड्यांना) हातच लावू नका, सिनॅरिओ बदला. पावनखिंड घ्या. १६६० साली बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांनिशी खिंड धरली, कारण जागा अरुंद होती आणि काम शत्रू संपवायचं नव्हतं, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा होता. तसंच पुस्तकांचे ढीग लावून टेबलावर खिंड कर, तुझे पाच मरीन आत, मित्राचे मेलेले गार्ड पुढच्या टर्नला मागच्या कडेनं परत येतात. पाचव्या टर्नच्या शेवटी एक मरीन जरी खिंडीत उभा असला तर तू जिंकलास. मरीन मरतील, पण कथा बरोबर वाटेल.

निपाणीचा गडी
मग नेसरी का नको? १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर गेले, सातही पडले. पराक्रम आणि जिंकणं एक नव्हे, फाशांनी तेवढं तरी बरोबर दाखवलंय.

वडगावकर
ते बरोबर, पण नेसरीची गेम पहिल्याच टर्नला संपते, शहापूरच्याला दुपारभर खेळायचंय. खिंडच बरी. फक्त एका टर्नला किती गार्ड परत येणार ते आधी ठरवा, नाहीतर भांडण लागेल. दहापासून सुरुवात करून बघा.

शहापूरचा
मित्राला आताच विचारलं, परत येणारे गार्ड म्हटल्यावर लगेच तयार झाला. खिंड किती इंच रुंद ठेवू?

खानापूरकर
चार. दोन मरीन शेजारी शेजारी उभे राहिले पाहिजेत, आणि लांबून गोळीबार होऊ नये म्हणून तोंडाशी एक वळण दे.

रंगप्रेमी
गार्ड रंगवलेत का?