मदत हवी आहे : मुलीला गणपतीला बोलवू, की आधी मीच तिच्याकडे जाऊ?

नमस्कार मंडळी. आजवर नुसतं वाचत आलोय, लिहायची ही पहिलीच वेळ. मोबाईलवर एका बोटाने टाईप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी दापोली तालुक्यातला, हर्णैच्या बाजूला घर आहे. एसटीत ड्रायव्हर होतो, २०१८ ला रिटायर झालो. बायको २०२३ च्या जानेवारीत गेली, पित्ताशयाचा कॅन्सर. मुलगी डोंबिवलीला असते, तिची छोकरी आता अडीच वर्षांची होईल. मुलगा चाकणला कंपनीत, लग्न व्हायचंय. घरी मी एकटाच.

मुलगी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडत नाही, फोन उचलते, "बरे आहात ना, गोळ्या घेताय ना" एवढं विचारते आणि "ठेवते" म्हणते. मुलाचंही जवळजवळ तसंच, पण त्याचा स्वभावच कमी बोलायचा, त्याच्या मनात राग नाही. मुलीच्या मनात आहे आणि तो खरा आहे, म्हणून सगळं नीट सांगतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हिचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले हातात फार तर चार-पाच महिने. त्यावेळी मुलीला दिवस गेलेले, पाचवा की सहावा महिना चालू होता. हिने हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझा हात धरून सांगितलं, पोरीला यातलं काही कळता कामा नये, तिचं नीट होऊ दे मग मी स्वतः सांगेन. मी हो म्हटलं. मुलालाही सांगितलं नाही, तो बहिणीला सांगेल म्हणून. फोन आला की हीच बोलायची, "जरा पित्त झालंय गो, जेवण जात नाही" एवढंच. आवाज खोल गेला तेव्हा सर्दी म्हणून सांगितलं. जानेवारीत अचानक खालावली आणि दोन दिवसात संपलं. मुलीला नववा लागलेला, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नको म्हटलं. तिने आईला शेवटचं व्हिडिओ कॉलवर बघितलं, तेही मोबाईल भाच्याच्या हातात होता आणि रेंज येत-जात होती. आठ दिवसांनी ती बाळंत झाली.

वर्षश्राद्धाला आली तेव्हा सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दिवसभरात आईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, पाणीसुद्धा ओटीवर बसून प्यायली. निघताना म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत. गाडी कुठे चाललीय ते पाटीवर लिहिलेलं असतं ना? आपल्या घराला तुम्ही पाटीच लावली नाहीत." मला उत्तर सुचलं नाही. दीड वर्ष झालं, अजून सुचत नाहीये.

आमच्या घरात ही सवय जुनी आहे हेही खरं. निसर्ग वादळ झालं, ३ जून २०२०, तेव्हा आमचं अर्ध छप्पर उडालं, मागची आठ माड आणि सतरा पोफळी आडव्या झाल्या, लाईट कित्येक दिवस नव्हती. कड्यावर जाऊन रेंज मिळाली तेव्हा हिने पोरांना सांगितलं की आम्ही ठीक, दोन कौलं सरकली. मी शेजारी उभा होतो, काही बोललो नाही. पोरांना नंतर शेजाऱ्याने पाठवलेल्या फोटोवरून कळलं.

आणि दुसरं, मी घरात असायचोच कमी. वस्तीच्या गाड्या, मुंबईची रातराणी, डबल ड्युटी. गणपतीत तर जादा गाड्या सुटतात, आम्हाला रजा कुठली. हजारो चाकरमानी घरी आणून सोडले पण आमच्या घरच्या आरतीला मी सगळ्या नोकरीत चार-पाच वेळा असेन. पोरांचं सगळं हिनेच केलं, बोलणंही सगळं तिच्यामार्फतच. माझ्या हातात फोन आला की मी "घे, आईशी बोल" म्हणून तिच्याकडे द्यायचो. आता द्यायला कोणी नाही.

यंदा, म्हणजे २०२५ ला, गणपती २७ ऑगस्टला आहेत. २०२३ ला आणलाच नाही, गेल्या वर्षी दीड दिवसाचा आणला. यंदा गौरीसकट करायचं मनात आहे. गौर ३१ ऑगस्टला येते. तेरड्याची गौर पाणवठ्यावरून घरी आणायला माहेरवाशीण लागते, आणि आमच्या घरची माहेरवाशीण ती एकच. रेल्वेचं आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात हालचाल करायला हवी. हातात दहा-बारा दिवस आहेत.

मे महिन्यात मी आमसुलं केली, आयुष्यात पहिल्यांदा. मागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं आहेत, दरवर्षी ही करायची आणि मुलीची पिशवी मुंबईच्या गाडीवर ड्रायव्हरकडे द्यायची. सालं सोडवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. ही सहा-सात पुटं द्यायची. माझी तीन झाली आणि २५ मेलाच पाऊस लागला, इतका लवकर यंदा. मग उरलेली चुलीच्या वर टोपलीत घालून सुकवली. बोटाच्या चिरांत मीठ जाऊन दोन दिवस हात चुरचुरत होते. वास थोडा धुराचा आलाय पण बुरशी नाही. किलोभर झाली असतील. ती तशीच डब्यात आहेत, पाठवायचा धीर होत नाही.

माझे प्रश्न :

फोनवर गणपतीला ये म्हणू का? की आधी मीच डोंबिवलीला जाऊन येऊ? न सांगता गेलो तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, "तुझ्या आईनेच मला शपथ घातली होती" हे तिला सांगावं का? खरं आहे, पण मी आजपर्यंत तिला हे सांगितलेलं नाही.

प्रतिसाद

काका, मी चिपळूणची, लग्नानंतर ठाण्यात. माझं आणि वडिलांचं साधारण असंच झालं होतं म्हणून लिहितेय.

शपथेचं आधी नका सांगू. ती आत्ता तुमच्यावर रागावू शकतेय, तुम्ही समोर आहात म्हणून. आईवर रागवायची वेळ आली तर तो राग ती कुठे नेणार? आधी एवढंच म्हणा की मी कळवायला हवं होतं, ते माझं चुकलं. तिथे थांबा. "पण" म्हणू नका. ती पुढे विचारेलच की का नाही कळवलंत, तेव्हा सगळं सांगा, बाकड्यावरचंसुद्धा. विचारल्यावर सांगितलेलं वेगळं आणि आपली बाजू म्हणून सांगितलेलं वेगळं.

न सांगता मात्र जाऊ नका. लहान मूल आहे घरात, तिची नोकरी असेल, सासूबाई असतील. दार उघडल्या उघडल्या तिला हसावं लागेल आणि मनातलं सगळं आतच राहील. आणि गणपतीला ये हे पहिल्या भेटीत काढू नका, तिला वाटेल गौरीसाठी माणूस हवंय म्हणून आलात.

आमसुलं न्याच. धुराचा वास राहू दे.

प्रतिसाद

भाऊ, मी देवगडचा, माझी मंडळी जाऊन सहा वर्षं झाली.

आरक्षणाची घाई या बोलण्यात आणू नका. रेल्वे दरवर्षी गणपती स्पेशल सोडते, जादा एसटीचं तर मी तुम्हाला काय सांगणार. दिव्याहून सावंतवाडीची गाडी आहे, खेडला थांबते, डोंबिवलीवाल्यांना ती सोयीची. तिचं मन झालं की ती कशीही पोचेल.

मी तुमच्या जागी असतो तर आधी मुलाला फोन केला असता. तो कमी बोलतो म्हणून तुम्ही त्याला बाजूला ठेवलंय असं वाचताना वाटलं. आई त्याचीही गेली आणि त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. देवगडकर, तुमची शेवटची ओळ वाचून मी मोबाईल ठेवून पडवीत जाऊन बसलो बराच वेळ. मुलाला राग नाही हे मीच ठरवून टाकलं होतं, त्याला कधी विचारलंच नाही.

काल रात्री त्याला फोन केला. म्हटलं, आईचं तुला कळवलं नाही ते माझं चुकलं. तो काहीच बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, बाबा मी त्या डिसेंबरात घरी येणार होतो, सुट्टी मंजूर होती, आई म्हणाली कशाला खर्च करतोस, मार्चमध्ये ये. एवढं बोलून रडायला लागला. लहानपणानंतर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. मीही रडलो. नंतर अर्धा तास बोलत होतो, त्यात कंपनीतलं, जेवणाचं, सगळंच आलं.

तो म्हणाला ताईला मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा. म्हणून आज सकाळी मुलीला मेसेज केला : "मला तुझ्याकडे यायचं आहे. एक गोष्ट समोर बसून बोलायची आहे. तुला जमेल तो दिवस सांग, नाही जमलं तरी चालेल." दुपारी उत्तर आलं : "रविवारी या. सकाळी लवकर निघू नका, पाऊस आहे."

शनिवारी रात्रीची गाडी घेऊन पनवेलला उतरेन म्हणतो, तिथून डोंबिवली. आमसुलं आहेतच, शिवाय आगळाची, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाची, एक बाटली निघालीये. ती काचेच्या बाटलीतून न्यावी की प्लास्टिकच्या? ही कशातून पाठवायची ते मी कधी बघितलं नाही. कोणी सांगेल का, शनिवारच्या आत?