जुनी वस्तू देऊन वरची घेताना : तुमचे अनुभव लिहा

अदलाबदलीत फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते. जुन्याची किंमत आणि नव्यावरची सूट एकाच आकड्यात कालवलेली असते. जुनं पुढे करण्याआधी 'काहीच न देता नवं कितीला?' हे विचारून घ्यावं. आपापल्या वस्तूबद्दल नेमकं लिहा.

~

फोन : बॅकअपनंतर थेट रीसेट मारू नका. आधी खात्यातून साइन आउट, मगच रीसेट. नाहीतर फोन जुन्या खात्याशीच बांधलेला राहू शकतो, मग पुढच्याला तो सुरू करता येत नाही आणि सौदा मोडतो. ई-सिम आधी नव्यावर हलवा.

~

वरच्यात भर. ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ॲपचे) कोड बॅकअपमध्ये येतीलच असं नाही. ते नव्या फोनवर चालतात हे बघितल्याशिवाय जुना पुसू नये.

~

सोनं : 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्के. 20 ग्रॅमच्या दागिन्यात 2 ग्रॅम खडे आणि लाख असेल, तर हिशेब 18 ग्रॅमचाच आणि शुद्ध सोनं साधारण 16.5 ग्रॅम. तेवढ्याच सोन्यात 18 कॅरेटचा (75 टक्के) दागिना 22 ग्रॅमचा होतो. काट्यावर वजन वाढलं तरी सोनं गुंजभरही वाढलेलं नसतं! घडणावळ सहसा परत मिळत नाही. शुद्धता मोजणारं एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे आत डाख (जोडकामाचा धातू) जास्त असेल तर वितळवल्यावर शुद्धता कमी भरते. एकदा वितळवलं की माघार नाही, म्हणून दर आणि कपात आधी लिहून घ्या, वजन आधी आणि नंतर आपल्यासमोरच करा.

~

कॅमेऱ्याची जुनी पण वरच्या दर्जाची लेन्स घेत असाल तर ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरका मारा. सुटे ठिपके दिसले तर धूळ, फोटोत तिचा फारसा फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती कोटिंग खाते, अशी लेन्स नकोच.

~

सायकल : चेनच्या 12 पूर्ण जोड्या, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या 24व्या पिनेपर्यंत, नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच वाढ म्हणजे सुमारे अर्धा टक्का झीज. देणारा 'चेन नवीकोरी आहे' म्हणाला तरी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बघाच. झिजलेल्या दातांवर नवी चेन जोर लावला की घसरते.