अनुभव धागा: गावात लाईन अन् फोन आला, टिकला कशानं?

पांदण
डीपीजवळ (गावचा ट्रान्सफॉर्मर) नवा अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत उतरवायचा, खड्डा खोदताना जुना कोळसा निघाला, म्हणून धागा काढतोय. 1960 ला वीज मंडळ, 1974 ला कोराडीचं वीज केंद्र, हे सगळ्यांना माहीत आहे. गावात लाईन टिकली ती खांब अन् अर्थिंगवर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. 8 मीटरचा खांब दीड मीटर गाडून भोवती दगड-मुरूम ठोकून भरावा लागतो. नुसती माती लोटली की पावसाळ्यात खांब कललाच. माहीत असेल ते लिहा.

डीओफ्यूज
मीठ-कोळशाचे थर दिले तरी एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी टाकलं नाही तर अर्थिंग असून नसल्यासारखं. त्यात न्यूट्रल (करंटची परतीची तार) तुटला की एका घरी बल्ब मिणमिणतो, शेजारी 230 च्या जागी 350 येऊन टीव्ही जातो. आधी डीपीवरचा न्यूट्रलचा जोड बघा, ढिला झालेला असतो.

संत्राबाग
63 केव्हीएची डीपी म्हणजे फेजला 84 अँपिअर. 5 एचपीची मोटर 7-8 घेते. म्हणजे 10-11 मोटरी, बस. तारेवर टाकलेले चोरीचे आकडे धरून 18 चालतात मग फ्यूज उडतो. त्यात जाड तार बांधू नका रे बाप्पा!! फ्यूज वाचतो, डीपी जळते. अन् एक फेज गेली असताना मोटर रेटली तर उरलेल्या दोन फेजांवर करंट पावणेदोनपट, मोटरमधली गुंडाळलेली तार, म्हणजे वाइंडिंग, करपतं.

कापूसवेचा
भाऊ, रिवाइंडिंगचा रेट काय चालू हाय तिकडे?

माळरान
फोनचं कोणी लिहिलंच नाही. पंचायतीतला रेडिओवाला फोन, एमएआरआर. 15 गावांचे 15 फोन, सगळ्यांत मिळून रेडिओ चॅनल दोनच; दोन गावं बोलत असली की तिसऱ्याला लाईन नाही. वादळात अँटेना जरा फिरला की आवाज गेला. श्रावणात ढगांमुळे सोलर प्लेट चार्ज देत नाही, बॅटरी बसते. प्लेट पुसणं एवढं एक काम गावानं केलं तरी फोन जास्त दिवस चालायचा.

डीओफ्यूज
हो ताई. अन् सी-डॉट या सरकारी संस्थेचं 128 पोर्टचं टेलिफोन एक्स्चेंज, एसीशिवाय चालणारं. आपल्या 45 डिग्रीत दुसरं टिकलंच नसतं. त्याआधी ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडे नंबर लावून बाहेरगावी फोन; अर्जंटला दुप्पट अन् सगळ्यात तातडीच्या लायटनिंगला आठपट पैसे. गरिबाच्या घरची मयतीची खबरही त्यातच अडकायची.

संत्राबाग
@कापूसवेचा रेट नंतर विचारा. आधी तार तांब्याची का अॅल्युमिनियमची ते पक्कं करा, अन् जळालेली तार समोर वजन करून घ्या. नवी तेवढीच बसली पाहिजे.