प्रति: सगळं बोलूनच होईल
वर एकांनी म्हटलंय की पुढे स्क्रीन जाईल आणि सगळी कामं बोलूनच होतील, मला ते पटतं, आणि खरा फायदा ज्यांना वाचता येत नाही त्यांना होईल. यूपीआय २०१६ला आलं, आज भाजीवालीच्या पाटीशेजारी तो छोटा स्पीकर असतो, पैसे आले की मराठीत रक्कम सांगतो, मेसेज वाचायची कटकटच नाही. २०२२ला बटणवाल्या फोनसाठी पण यूपीआय आलं. फक्त माझी आजी अहिराणी बोलते, ती मशीनला कळली पाहिजे, नाहीतर तिला परत नातवालाच हाक मारावी लागणार. मला जास्त भीती वाटते ती आवाजाची नक्कल करून पैसे मागणाऱ्यांची. आमच्याकडे आत्ताच ठरवलंय, असा फोन आला की आधी घरातला ठरलेला शब्द विचारायचा, तुम्ही पण ठरवून ठेवा.