रोजच्या वापरासाठी कोणते मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे?

महालकर: आमच्या जुन्या लॅपटॉपवर आई मराठीत पत्रे लिहिते आणि बाबा वर्तमानपत्रांची कात्रणे जपतात. त्यांच्यासाठी कोणते मुक्त सॉफ्टवेअर बसवावे?

धरमपेठचा वाचक: लेखनासाठी लिबरऑफिस निःसंकोच घ्यावे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट हाताळते आणि त्याचे ओडीएफ हे फाइल साठवण्याचे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक असल्याने आज लिहिलेले पत्र पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते. कात्रणांसाठी मात्र चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणारे टेसरॅक्टच वापरावे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. मूळ एचपी कंपनीत घडलेल्या व २००५ मध्ये मुक्त झालेल्या, म्हणजे कोड सर्वांना खुला केलेल्या, या साधनाला मराठी अक्षरे ओळखण्याची फाइल जोडली, की स्कॅन केलेल्या पानावरील मजकूर शोधता आणि संपादित करता येतो. स्कॅन ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवावे. पुसट कागदावर जोडाक्षरे चुकतात, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवूनच मजकूर तपासावा.

प्रतापनगरहून: चित्रफितींसाठी व्हीएलसी पुरेसे आहे. फोनवर ओस्मअँड हे नकाशाचे अ‍ॅपही ठेवावे, कारण पेंचच्या वाटेवर नेटवर्क गेले तरी आधी उतरवलेला ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा चालू राहतो, आणि त्यात एखादी गल्ली चुकलेली आढळली तर ती आपल्याला स्वतः दुरुस्त करता येते.