पाच रुपयांचा परवाना आणि रोमकरांस १३: बारक्या व्यसनांचे कायदे ख्रिस्ती माणसाच्या विवेकाला बांधतात का?

सात रस्ता
सलाम मंडळी. (इथे आपण एकमेकांना सोलापुरातल्या आपापल्या वस्तीच्या नावाने ओळखतो.) चोरी, खून, खोटी साक्ष यांवर वाद नाही. प्रश्न बारक्या व्यसनांवरच्या कायद्यांचा आहे. रोमकरांस १३ म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला तो अध्याय, ज्यात सत्तेच्या अधीन राहा म्हटलंय. सोलापुरात विडी कायदेशीर, तिच्यावर हजारो बायकांची चूल पेटते. गुटखा २०१२ पासून बंद. सरकारी लॉटरी १९६९ पासून राजरोस, मटका मात्र १८८७ च्या जुगार कायद्याने गुन्हा. दारूबंदी कायदा १९४९ चा. बिअरला वय २१, कडक दारूला २५, आणि वर पिण्याचा परवाना: एका दिवसाचा पाच रुपयांत, कायमचा हजारात. काढतं कोण? मग बिनपरवाना बिअर घेतलेल्या ख्रिस्ती माणसाने देवापुढे पापकबुली द्यायची का? माझं उत्तर नाही. इफिसकरांस ५:१८ मध्ये मनाई आहे ती झिंगण्याला. पौल तर आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. देवाने मोकळं ठेवलेलं मंत्रालयाच्या अधिसूचनेने पाप होत नाही. दंड झाला तर भरावा, विषय संपला.

नवी पेठ
कसा संपला? रोमकरांस १३:५ मध्ये पौल साफ लिहितो, अधीन राहायचं ते नुसत्या शिक्षेच्या भीतीने नाही, विवेकासाठीही. हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, कुणी संतमहात्मा नव्हे. सूट एकच, प्रेषितांची कृत्ये ५:२९: माणसापेक्षा देवाची आज्ञा मानावी. पण त्यासाठी दोन आज्ञांची टक्कर व्हावी लागते. बिअर पी, अशी देवाची आज्ञा कुठे आहे? पाच रुपयांचा कागद काढायचा कंटाळा आला की लोकांना ख्रिस्ती स्वातंत्र्य आठवतं. आणि काना गावच्या लग्नात येशूने ज्यांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला ते सहा रांजण मध्ये आणू नका, तिथे कुठला कायदा मोडला नव्हता.

विडी घरकुल
ओ, आधी कायदा तर बघा की. गुटखाबंदी निघते अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ३० खाली. अन्नसुरक्षा आयुक्तांचा आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. बंदी आहे उत्पादन, साठा, वाहतूक, वितरण आणि विक्रीवर. खाण्यावर नाही. म्हणजे पुडी तोंडात टाकणारा त्या आदेशातलं काहीच मोडत नाही, गुन्हा होतो टपरीवाल्याचा. इथेच मेख आहे. तुमच्या दहा-वीस रुपयांसाठी तो गुन्हा करतो, पकडला जातो तोही तोच, आणि तुम्ही रविवारी पहिल्या बाकावर. माझ्या मते हा रोमकरांस १३ चा प्रश्नच नाही, त्याच पत्रातल्या १४:२१ चा आहे: भावाला ठेच लागेल असं काही करू नये. "माल सीमेपलीकडून येतो" हेही सांगू नका, कर्नाटकातही २०१३ पासून बंदी आहे.

शरीराचं तर विचारूच नका. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये मावतात का बघा. मावत नसतील तर डॉक्टर गाठा. तंबाखू नसलेला गोड पानमसालाही यातून सुटत नाही, कारण मूळ कारण सुपारी.

सात रस्ता
विडीनेही कॅन्सर होतोच की. तिला मुभा, गुटख्याला बंदी. सरकारची यादी ही देवाची यादी नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

रेल्वे लाइन्स
आमच्या कॅथलिक परंपरेत यावर बराच खल झालाय. १३ व्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो की माणसाच्या कायद्याने सगळी व्यसनं दाबू नयेत. बहुतेकांना टाळता येतील अशी मोठी, मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारी तेवढी दाबावीत. याचा अर्थ यादी अपुरी असणारच. विडी सुटली म्हणून गुटख्याचा कायदा लटका पडत नाही.

सात रस्ता यांचं "दंड भरा, मोकळे व्हा" हेही नवीन नाही. १६ व्या शतकात स्पेनच्या धर्मपंडितांनी मांडलं की काही कायदे फक्त दंड सोसायला बांधतात, विवेकाला नाही. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढल्याचा २०० रुपयांपर्यंतचा दंड त्यात छान बसेल. पण पुढे पुष्कळांनी हे मत टाकलं, कारण कुठला कायदा "नुसता दंडाचा" हे ठरवणार कोण? मोडणाराच.

जुगाराबद्दल आमची धर्मशिक्षा (म्हणजे चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, परिच्छेद २४१३) सांगते की नशिबाचे खेळ मुळात अन्याय्य नाहीत, घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात गेला की अन्याय. आता मटक्याचा हिशेब करा. आकडा (एक अंक) दहात एकदा लागणार, देतात नऊपट. जोडी (दोन अंक) शंभरात एकदा, देतात नव्वदपट. दर शंभरामागे दहा रुपये बुकीचे. नव्वदचे परत लावले की त्यातले नऊ, असं रोज.

नवी पेठ
हिशेबात हप्ता धरला नाहीत. बेकायदा धंदा लाच दिल्याशिवाय उभा राहत नाही, आणि लाच घेऊ नका हे निर्गम २३:८ मध्ये आहे. जोडी लावणारा त्या साखळीला पैसा पुरवतो. हातभट्टीला तर बारकं व्यसन म्हणूच नये. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं मेली.

फॉरेस्ट
प्रभुभोजनाचं (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं) काय, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. धार्मिक विधीच्या मद्यासाठी दारूबंदी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या दारू वापरतच नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरजवळच्या नान्नजची द्राक्षं स्वस्त झाली की रस काढून गाळावा, उकळी न येऊ देता ८० अंशांच्या आसपास १५-२० मिनिटं तापवावा आणि गरम असतानाच धुतलेल्या गरम बाटलीत काठोकाठ भरून बूच लावावं. रस आंबवणारं सालीवरचं यीस्ट उष्णतेने मरतं. न तापवता ठेवलात तर सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत फेस येतो, आणि पाळकसाहेबांच्या कपाटात विनापरवाना मद्य तयार! १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च यांनी प्रभुभोजनासाठीच ही रीत काढली.

सात रस्ता
बरं, मटका आणि गुटख्याचं मान्य, तिथे दुसऱ्याचं नुकसान होतं. आषाढी एकादशीच्या ड्राय डेचं काय? दुसऱ्या धर्माचा उपवास मी का पाळू?

विडी घरकुल
उपवास कुठे पाळायचाय? ड्राय डेला विक्री बंद असते. परवान्यावर आधीच आणलेली बाटली घरात असेल तर कायदा आड येत नाही.

नवी पेठ
त्यासाठी परवाना लागतो, सात रस्ता.